मोतीची कातडी आणि आमचा झाडपाला

पंचमीला माहेरी जायचा माझा नेम अजून मोडलेला नाही. कलबुर्गीत संसार थाटून सत्तावीस वर्षं झाली, तरी श्रावण लागला की मन भालकीकडे ओढ घेतं. दोन वर्षांपूर्वीची पंचमी मात्र झोक्यामुळे किंवा लाह्यांमुळे लक्षात राहिलेली नाही. ती लक्षात आहे मोतीमुळे.

मोती हा माझ्या दादाचा कुत्रा. गावठीच, पण पाय लांब, कंबर बारीक. कुठल्या तरी पिढीत मुधोळ हाउंडचं रक्त आलं असणार, असं दादा अभिमानानं सांगतो. (आमच्या भागातला प्रत्येक जण आपल्या कुत्र्याबद्दल हेच सांगतो.) मी रिक्षातून उतरले की अंगावर झेप घेणारा हा गडी त्या दिवशी जागचा हलला नाही. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसून पोट चाटत होता. जवळ जाऊन पाहिलं तर पोटावर आणि जांघेत पिवळ्या टोकाचे बारीक फोड, काही फुटून त्यांवर खपल्या. पाठीवर रुपयाएवढे गोल चट्टे, केस गेलेले, कडेची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. आणि ओल्या कापडाला येतो तसला कुबट वास.

"नायटा झालाय," दादा म्हणाला. त्यानं मेडिकलमधून नायट्याचं मलम आणून लावलं होतं. आठ दिवस खाज कमी झाली, लाली गेली, सगळे खूश. मलम संपलं आणि चट्टे दुपटीनं वाढले. मग आईनं सूत्रं हाती घेतली. कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटून, त्यात हळद कालवून रोज लेप. मोती तो लेप अर्ध्या तासात चाटून साफ करायचा आणि संध्याकाळी जेवणाकडे बघायचासुद्धा नाही.

मी फोटो काढून बंगळुरूला मुलाला पाठवले. तिसऱ्या मिनिटाला उत्तर: "आई, टी ट्री ऑइल लाव. बॅक्टेरियावर जबरदस्त आहे, आणि नैसर्गिक आहे. मी मागवतो." तीन दिवसांत पंधरा मिलीची काळी बाटली भालकीच्या घरी हजर. लेबलावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के शुद्ध'.

ती बाटली मी माझ्या हातानं लावली. आईच्या लेपाला नावं ठेवत लावली, हेही सांगून टाकते. संध्याकाळी पाचच्या सुमारास, कापसानं, पोटावर, जांघेत, पाठीवरच्या प्रत्येक चट्ट्यावर. अर्धी बाटली संपली.

साडेनऊला वहिनी भाकरी टाकायला गेली तेव्हा मोती उठून उभा राहिला आणि त्याचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटले. भिंतीला टेकला, बसला, पुन्हा उठायला गेला तर उठता येईना. तोंडातून लाळेच्या तारा. अंगाला बारीक थरथर. आई देवघरातून भंडारा घेऊन आली आणि त्याच्या कपाळाला लावून मैलारच्या मल्लण्णाला साकडं घालू लागली. खंडोबाचं वाहन घोडा, पण सोबतीला कुत्रा. तेव्हा त्या रात्री आईचा हिशेब चुकीचा नव्हता. दादानं ओळखीच्या पशुवैद्यकांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "अंगाला काय लावलंय?" मी बाटलीचं नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग एकेक सूचना. भांडी घासायच्या लिक्विडनं, कोमट पाण्यानं, तेलाचा वास जाईपर्यंत धुवा. उलटी करवू नका. चाटू देऊ नका. अंग पुसून गोधडीत गुंडाळा. मी येतोच.

डॉक्टर आले, सलाइन लावलं, रात्रभर दर दोन तासांनी फोन केला. मोती तिसऱ्या दिवशी सकाळी नीट चालला. मला त्या दोन रात्री झोप लागली नाही, आणि मुलाला तर मी काय झालं ते आठवडाभर सांगितलंच नाही.

नंतर मी वाचलं. या तेलानं झालेल्या विषबाधेवर अमेरिकी पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 2014 साली एक लेख आला होता. 2002 ते 2012 या काळातली कुत्र्या-मांजरांची 443 प्रकरणं त्यात तपासली आहेत, सगळी शुद्ध, पाणी किंवा दुसरं तेल न मिसळलेल्या तेलाची. लाळ गळणं, अशक्तपणा, चालताना तोल जाणं, थरथर. आमच्या ओसरीवर जे घडलं त्याची जणू यादीच. मुलाचंही पूर्ण चुकलं नव्हतं म्हणा. 2004 साली एका जर्मन पशुवैद्यकीय नियतकालिकात याच तेलाच्या मलमाची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध झाली, खाजऱ्या त्वचेच्या कुत्र्यांना त्याचा गुण आला. पण त्या मलमात तेल होतं दहा टक्के. मी लावलं ते शंभर टक्के.

मोती सावरल्यावर दादा आणि मी त्याला गाडीत घालून बीदरला घेऊन गेलो. आपल्या जिल्ह्यात कर्नाटकचं पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. अख्ख्या राज्याचं मुख्यालय बंगळुरूत नव्हे, बीदरच्या नंदीनगरात. मुधोळजवळ तिम्मापूरला मुधोळ हाउंडवर काम करणारं श्वान संशोधन केंद्र आहे, तेही याच विद्यापीठाचं. आपण मात्र बीदर म्हटलं की किल्ला, बिदरी आणि गुरुद्वारा एवढंच सांगतो. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या आणि एक रागीट पामेरियन यांच्या मागे आमचा नंबर लागला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी जे केलं ते इतकं साधं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. एका फुटलेल्या फोडावर काचेची पट्टी दाबली, ती रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "या अक्का, बघा." निळ्या-जांभळ्या मोठ्या पेशी, आणि त्यांच्या आत-बाहेर मोहरीसारखे बारीक गोल ठिपके, जोडीजोडीनं, घोसाघोसानं. "हे जिवाणू. आणि या मोठ्या पेशी त्यांना गिळायला आलेल्या. हा नायटा नाही." शिवाय ब्लेडनं थोडी कातडी खरवडून खरजेचे किडे नाहीत ना तेही पाहिलं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

गोल चट्टा दिसला की आपण सरसकट नायटा म्हणतो, पण कुत्र्याच्या अंगावर पुळी फुटून तिची कड बाहेर सरकत गेली तरी तसाच गोल चट्टा होतो. आणि मेडिकलवर मिळणाऱ्या नायट्याच्या पुष्कळशा मलमांत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोरकस स्टेरॉइड यांची खिचडी असते. स्टेरॉइडनं लाली, खाज झटकन बसते. पण कातडीची स्वतःची लढायची ताकदही बसते. दादाचे ते आठ दिवसांचं सुख आणि नंतरची वाढ याच हिशेबातली.

हे जिवाणू येतात कुठून, हे मी विचारलं. मला वाटलं होतं उकिरड्यावरून. बाई हसल्या. "बाहेरून नाही. त्याचेच आहेत." स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हे त्याचं लांबलचक नाव. 2005 साली त्याला वेगळी जात म्हणून ओळख मिळाली, त्याआधी तो भावंडाच्या नावावर खपत होता. निरोगी कुत्र्याच्याही नाकातोंडापाशी, शेपटीखाली तो गुण्यागोविंदानं राहतो. कातडीचा बांध कुठे फुटला की मग आत शिरतो. बांध फोडणारा निराळाच कोणी तरी असतो: पिसवा, गोचीड, खरूज, अन्नाची किंवा धुळीची ॲलर्जी, थायरॉइडचा बिघाड. म्हणून नुसते फोड बरे करून भागत नाही.

शिवाय कुत्र्याची कातडी आपल्यासारखी नाही. आपल्या वरच्या त्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर, तर त्याच्या केसाळ त्वचेत जेमतेम तीन ते पाच. आपली त्वचा आम्लाकडे झुकलेली, त्याची बरीचशी तटस्थ किंवा त्याही पलीकडे. म्हणून आपला शाम्पू, लिंबू, व्हिनेगर असलं काही त्याला मानवेलच असं नाही. आणि सगळ्यात मोठा फरक, जो सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही: तो चाटतो. त्याच्या अंगाला लावलेलं प्रत्येक औषध हे पोटात घ्यायचंही औषध असतं.

आईचा लेप मी बाईंना सांगितला, जरा भीतभीतच. त्यांनी नाक मुरडलं नाही. म्हणाल्या, "कडुनिंबात दम आहे. काचेच्या बशीत जिवाणू वाढवून त्यांवर कडुनिंबाचा, हळदीचा, करंजाचा अर्क टाकला तर ते दबतात. पण बशीला केस नसतात आणि बशी चाटत नाही." वाटलेला पाला केसांवर बसतो, कातडीपर्यंत थोडाच पोचतो. वाळला की चिंध्या सुटतात, खाली ओल कोंडते. आणि गेलेल्या केसांच्या उघड्या जागी, जिथे तो पोचतो, तिथून चाटून पोटात.

मग आमच्या घरी एकेका झाडाची उलटतपासणी सुरू झाली. माझ्या नवीन पिढीच्या वाचकांना यातली अर्धी झाडं फक्त नावानं माहीत असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कडुनिंब, म्हणजे शेजारच्या कन्नड घरातला बेवु. पाडव्याला तोंड कडू करतो तोच. पाला उकळून, गार करून, गाळून घेतलेलं पाणी आंघोळीनंतर अंगावरून ओतायला डॉक्टरबाईंची हरकत नव्हती. खाज थोडी निवते, अंग स्वच्छ राहतं. तेल मात्र जपून. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्यानं तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, मग चाटणाऱ्या कुत्र्याला ते चोपडायचं कशाला? घरात मांजर असेल तर आणखी जपून, कारण मांजराचं यकृत अशा गोष्टी पचवायला फारच कच्चं असतं.

करंज, कन्नडात होंगे. आमच्या शेताच्या बांधावर दोन मोठे वृक्ष आहेत. कातडीच्या दुखण्यावर करंजाचं तेल आपल्याकडे पूर्वीपासून. गुरांच्या औषधांच्या दुकानात जखमेवर लावायचे जे हर्बल स्प्रे आणि मलमं मिळतात, त्यांतही करंज, कडुनिंब, देवदार असे गडी दिसतात. ती कामाची आहेत, विशेषतः पावसाळ्यात जखमेवर माशी बसू नये, अळ्या पडू नयेत म्हणून. पण एका जखमेवर स्प्रे मारणं निराळं आणि अंगभर फोड उठलेल्या कुत्र्याला तेलात घोळणं निराळं. करंजतेल कडू जहर. चाटलं की उलटी.

कोरफडीचा पांढरा, पारदर्शक गर थंडावा देतो. पानाच्या सालीलगत जो पिवळा चीक असतो त्यानं जुलाब होतात. पान उभं टेकवून तो चीक गाळून टाकायचा, हे आईला माहीत होतं, मला नव्हतं.

हळदीबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. पण खुल्या बाजारातली, रंगाची भेसळ असलेली हळद उघड्या जखमेवर नको, एवढं नक्की.

आता बिब्बा. गावात अजून कुणी कुणी कुत्र्याच्या खरजेवर बिब्ब्याचं तेल लावतात. परटाची खूण ज्या बिब्ब्यानं कपड्यावरून वर्षानुवर्षं जात नाही, तो जिवंत कातडीवर काय करील? भाजल्यासारखे फोड उठतात. सीताफळाच्या बियांची पूड उवा-पिसवांवर चालते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते, आणि कुत्रा अंग झाडतो तेव्हा पूड कुठे उडते ते सांगायला नको. रुईचा चीक, तीच गत. रॉकेल आणि गाडीचं जळकं ऑइल ही झाडपाल्यात मोडत नाहीत, पण त्यांचा उल्लेख केल्याशिवाय आपल्या भागातल्या कुत्र्याच्या कातडीचा इतिहास पुरा होणार नाही. ते करू नका. कुणी करत असेल तर हात धरा.

आणखी एक गोष्ट आमच्याच गल्लीत घडली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गायी-म्हशींच्या कासदाहावर एक घरगुती लेप प्रचारात आणला आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, वाटून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. दूधवाल्यांत तो चांगलाच पसरला आहे. शेजारच्या काकांनी तोच लेप त्यांच्या कुत्र्याच्या फोडांवर लावला. गाय आपली कास चाटत बसत नाही. कुत्र्यानं हळद-चुना चाटला, जीभ लाल झाली, दोन दिवस पाण्यालाही तोंड लावेना. लेप चुकीचा नव्हता, जनावर चुकलं होतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की आपल्या पूर्वजांकडे काही नव्हतंच. तसं मुळीच नाही. भालकीच्या शेजारच्याच तालुक्यात, बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशी त्यात नोंद आहे, म्हणून मराठीवाले त्याचा उल्लेख कौतुकानं करतात. त्याच ग्रंथात हत्ती-घोड्यांच्या दुखण्यांवर उपचार आहेत आणि कुत्र्यांच्या शिकारीच्या खेळाला वेगळं प्रकरण आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी याच मातीत जनावराची जात बघून, त्याचं अंग बघून लिहिणारी माणसं होती. आपण त्यांचं नाव घेतो आणि लेबल बघून तेल ओततो.

बीदरहून आम्हाला कागदावर मिळालं ते एवढं. पिसवांची गोळी, वजनानुसार, दर महिन्याला. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. पोटात घ्यायचं प्रतिजैविक नाही. दादाला हे पटेना. एवढ्या लांब येऊन एक इंजेक्शनही नाही? बाईंनी समजावलं की फोड वरवरचे आहेत, तोवर वरून धुणं हाच पहिला उपचार. 2025 साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, हे मला पुढे कळलं. कारण असं की, ऊठसूट दिलेल्या आणि अर्ध्यात सोडलेल्या गोळ्यांमुळे या जिवाणूचे असे वाण तयार झाले आहेत की नेहमीच्या सेफॅलेक्सिनसारख्या गोळ्यांना ते भीकच घालत नाहीत. मग प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते शोधावं लागतं. फोड खोल गेले, सूज आली, ताप आला, पू-रक्त वाहू लागलं, तर मात्र वरच्या धुण्यानं भागत नाही आणि घरी थांबायचंही नाही. झाडपाल्यावर जगभर संशोधन चाललंय ते याचसाठी: गोळी वाचवायची तर वरून लावायला नवं काही हवं. अजवाइन, ओरेगॅनोच्या जातीतली तेलं बशीत छान काम करतात. बशीतून कुत्र्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

ती दहा मिनिटं हे खरं औषध होतं, असं आता मला वाटतं. फेसानं माखलेल्या वीस किलोच्या कुत्र्याला दहा मिनिटं उभं करून ठेवा म्हणजे कळेल. दादा पुढून धरायचा, मी घड्याळ बघायचे, आई खंडोबाच्या ओव्या म्हणायची आणि मोती बिचारा भिंतीकडे तोंड करून शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा. सहाव्या मिनिटाला तो हमखास अंग झाडायचा आणि सगळ्यांची आंघोळ व्हायची.

पण खरा गुन्हेगार सापडला तो वहिनीला. तिनं मोतीचं गोणपाट उचलून उन्हात झटकलं तर काळ्या मिरीच्या कणांसारख्या पिसवा टणाटण उडाल्या. ते पोतं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी तीन पावसाळे पडून होतं. मोती रोज रात्री त्यावर झोपायचा, आणि सकाळी आम्ही त्याला औषध लावायचो. पोतं जाळलं. ओसरीच्या फटी गरम पाण्यानं धुतल्या. आता त्याला जुन्या साडीची घडी असते, दर रविवारी धुतलेली. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर केसांची मऊ लव दिसू लागली आणि दिवाळीत मी गेले तेव्हा त्यानं ओसरीवरून थेट अंगावर झेप घेतली. साडीला चिखल लागला.

गेल्या पावसाळ्यात पोटावर दोन फोड दिसले तेव्हा दादानं कुणाला न विचारता शाम्पू काढला, आणि पिसवांची गोळी द्यायची राहिली होती हेही कबूल केलं. आई अजून कडुनिंब उकळते. शाम्पू धुऊन झाला की तिचं गार केलेलं हिरवट पाणी शेवटी ओतायचं, हा तिचा मान. मोती त्या पाण्याला मात्र शांत उभा राहतो.

उरलेली अर्धी बाटली फडताळात वरच्या खणात आहे. फेकायला मी निघाले होते, आईनं अडवलं. पैसे दिलेत नातवानं, म्हणाली. झाकणावर तिनं चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि वर पेनानं लिहिलंय: मोतीला नाही.